पैरा मिटवला

१

चोरी झाली होती, आणि चोरीला गेलेली वस्तू जागच्या जागी होती. उपासना कोलकार बेळगावच्या कोर्टात बारा वर्षं वकिली करत होती. असलं प्रकरण तिच्या टेबलावर पहिल्यांदाच आलं होतं.

“तुमचा उतारा साईटवर दिसतोय की रं,” ती म्हणाली. “मग गेलं काय?”

“परवाना गेला, आक्का.” समर्थनं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. “म्हंजे सगळंच गेलं.”

‘उतारा’ हा देवाप्पा सरांचा प्रोग्राम. ह्या भागात जमिनीचा उतारा कन्नडमध्ये निघतो, आणि मराठी शाळेत शिकलेला माणूस स्वतःच्याच शेताचा कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. वाचणाऱ्यानं सांगावं आणि ह्यानं मान डोलवावी. सर निवृत्त शिक्षक, त्यांना ह्याची भारी चीड. त्यांनी आपले दोन जुने विद्यार्थी, समर्थ आणि नागेंद्र, आणि कन्नड शाळेतली शिक्षिका सौम्या अशा तिघांना हाताशी धरलं. चार वर्षं खपून त्यांनी कागदाचा फोटो काढला की तो मराठीत मांडून दाखवणारा प्रोग्राम उभा केला. उपासनाही सरांचीच विद्यार्थिनी, ते निपाणीला होते तेव्हाची. महसुली शब्द अडला की तिला फोन यायचा.

प्रोग्राम जगाला खुला ठेवायचा हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. भांडणं झाली ती दोन गोष्टींवरून. एक, त्याचं बिऱ्हाड कुठं थाटायचं: मच्छे गावात नागेंद्रच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर, की जगभरचे प्रोग्रामर आपलं काम जिथं ठेवतात त्या मोठ्या परदेशी साईटवर? मच्छ्यात वीज जाते, एवढ्या एका कारणानं साईट जिंकली. दुसरी गोष्ट परवान्याची. नागेंद्र म्हणायचा, पाणपोईसारखा परवाना द्या, कुणीही यावं, प्यावं, चालू लागावं. सर म्हणायचे, छे, पैऱ्यासारखा द्या. पैरा म्हणजे मी दोन दिवस तुझ्या शेतात राबायचं आणि तू दोन दिवस माझ्या. प्रोग्राम घ्या, सुधारा, पण सुधारलेलं पुन्हा सगळ्यांसाठी उघडं ठेवा. चाललं सरांचंच, आणि तेव्हापासून त्या परवान्याला सगळे ‘पैरा’च म्हणू लागले.

आणि आता बेंगळूरच्या एका कंपनीनं ‘भूदर्पण’ नावाचं ॲप काढलं होतं. आतला जीव ‘उतारा’चा. जुने हातानं लिहिलेले कागद वाचायची सोय ह्या पोरांना चार वर्षांत जमली नव्हती, ती कंपनीनं त्यात घातली आणि वर दार लावून घेतलं. समर्थनं अट दाखवली, तर उलट उत्तर आलं की अट आहेच कुठं, तुमच्या पानावर तर मोकळा परवाना आहे.

खरंच होता. चौदा नोव्हेंबर, सकाळी अकरा चाळीस. सरांच्या खात्यावरून जुना परवाना काढून मोकळा घातलेला, आणि खाली टिपण:

“देवप्पा सरांच्या सांगण्यावरून पैरा मिटवला. आता कुणावर काही नाही.”

“मग सरांनीच कुणाला तरी सांगितलं असंल,” उपासना म्हणाली.

“चौदाला सर आयसीयूत हुते, आक्का. तोंडाला मास्क, दोनी हातांत सुया. सोळाला गेले.” समर्थचा आवाज चढला. “मरणाऱ्या माणसाच्या नावानं सही ठोकल्या कुणीतरी. आन् ते कुणी, हे मला ठाव हाय.”

२

समर्थचा संशय नागेंद्रवर होता, आणि संशयाला जागा होती. पाणपोईचा हट्ट त्याचाच होता. वर्षापूर्वी तो त्याच बेंगळूरच्या कंपनीत मुलाखतीला जाऊन आला होता. शिवाय चौदा तारखेला तो सरांजवळ दवाखान्यात होता. समर्थनं मजकूर लिहून तयार ठेवला होता. रविवारी हिंडलग्याला समर्थच्या घरी सगळे बसणार, नागेंद्रनं कबूल केलं नाही तर तो मजकूर सगळीकडं जाणार, त्याच्या कारखान्यातसुद्धा, आणि सोमवारी पोलिसांत तक्रार. उपासनाच्या हातात पाच दिवस होते.

मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत, फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर नागेंद्र भेटला. फेब्रुवारीचं ऊन, अंगावर तेलकट निळा शर्ट. तीन महिन्यांत पोरगा निम्मा झाला होता.

“मी न्हाय, आक्का,” तो म्हणाला.

“एवढंच?”

“दुसरं काय सांगू? केलेलं दाखवता येतंय. न केलेलं कसं दाखवायचं?”

उपासनानं दुसरीकडून सुरुवात केली. “पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक होता?”

“सगळ्यांस्नी. पर नुसत्या पासवर्डनं न्हाय भागत. नव्या मशीनवरनं आत जायचं तर सरांच्या फोनवर सहा आकड्यांचा कोड येतोय. आता तर सिमबी बंद पडलं. आमाला आमचंच दार उघडंना झालंय.”

म्हणजे ज्याच्या हातात चौदा तारखेला सरांचा फोन होता, त्यानंच हे केलं. उपासनाला जरा हुरूप आला. “त्या दिवशी फोन कुणाकडं होता?”

“पारूआईंच्या पिशवीत.” पारूआई म्हणजे सरांच्या पत्नी पारूबाई. “आयसीयूत एका वेळी एकच माणूस सोडत हुते. त्या आत गेल्या की पिशवी भायेरच्याकडं.” नागेंद्रनं मान खाली घातली. “अकरापातूर ती पिशवी माझ्या मांडीवर हुती.”

“आणि अकरानंतर?”

“मी शिफ्टला निघालो. कुणाकडं दिली ते आठवंना, आक्का. देवाशप्पथ आठवंना. सर जातील ह्या भ्यानं डोकंच चालत नव्हतं.” चहा तसाच ठेवून तो उठला. “घरी आई रोज इचारत्या, समर्थ का येत न्हाय म्हणून. काय सांगू तिला?”

३

समर्थ स्वतः संशयितांत नव्हता असं नाही. फिर्यादी हाच चोर निघाल्याची दोन प्रकरणं उपासनानं स्वतः चालवली होती. पण चौदाला तो बेंगळूरला नोकरीवर होता. रात्रीच्या बसनं निघून पंधराला सकाळी पोचला. तिकीट होतं. फोन बेळगावात आणि तो बेंगळुरात, तेव्हा त्याचं नाव गळालं.

दरम्यान तिनं कंपनीच्या वकिलाला पत्र धाडलं. ज्यांच्या नावानं परवाना बदलला ते गृहस्थ त्या वेळी आयसीयूत होते, सबब तो बदल खोटा. दवाखान्याचे कागद जोडले. आपण बिनतोड लिहिलंय असं तिला वाटलं, आणि वकिलाला असं वाटलं की समजावं, काहीतरी नक्की चुकलंय.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ह्या खात्यावर चार वर्षांत एकूण दोन हजार एकशे चाळीस नोंदी आहेत. सगळ्या श्री. देवाप्पा यांच्या नावे. शेवटची त्यांची नव्हे म्हणता, तर कृपया कळवावे की बाकीच्यांपैकी कोणत्या त्यांच्या होत्या?

उपासनानं समर्थला फोन लावला. “तुम्ही तिघंही सरांच्याच नावानं काम चढवत होता?”

“व्हय की.”

“आपापली नावं का नाही घातली?”

“आक्का, घरात लाईटबिल कुणाच्या नावावर असतंय? कर्त्याच्या. शेत, मीटर, रेशनकार्ड, सगळं त्येच्याच नावावर. सर मोठे. त्यांच्या म्होरं आपलं नाव कसं घालायचं? बरं दिसंल काय ते?”

बरं दिसावं म्हणून चार वर्षांची मेहनत तिघांनी कर्त्याच्या नावावर चढवली होती, आणि कर्ता गेला. आता कायद्याच्या लेखी समर्थ नव्हता, नागेंद्र नव्हता, सौम्या नव्हती. ह्यांच्याकडं वारसाचा दाखलासुद्धा निघणार नव्हता. उपासनाला पोरांचा राग आला. मग आठवलं, निपाणीत तिची आई वळायची त्या विड्यांची नोंदही कितीतरी वर्षं मामाच्या नावावर होती, आणि तेव्हा ते कुणालाच वावगं वाटलं नव्हतं.

कंपनीकडून काही परत येणार नाही, हे तिला त्या दुपारीच कळलं. राहिला नागेंद्र. निदान त्याला तरी वाचवायचा होता.

४

पारूबाई खानापूरच्या पुढं, रानाला लागून असलेल्या गावात राहत. सरांनी नोकरीतून घेतलेलं दीड एकर शेत घरामागंच होतं. भात निघालेल्या जागी मसूर उभा होता.

“ये गं,” त्या म्हणाल्या. “वकील झालीस तरी वाळलेलीच. बस, च्या टाकतो.”

भिंतीवर सरांचे दोन फोटो होते. एकाखाली ‘कालकथित देवाप्पा गुरुजी’ असं छापलेलं. दुसरा लहान, त्याच्याभोवती कागदी फुलांची महिरप. उपासनानं चौदा तारखेची गोष्ट काढली.

“पिशवी गं? कोण आलं त्येच्याकडं द्यायची. नागेंद्र आलता, सौम्या आलती. कुणी कवा धरली, मला काय ठाव? मी आत गेलतो.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “सगळं रीतीनं झालं बघ. पर एक ऱ्हायलं ते ऱ्हायलंच.”

“काय राहिलं?”

“शेजारच्या भावकूचं. रोप लावाय त्येच्या घरची चार माणसं दोन दीस आमच्यात राबली. सुगीत आमी जायाचं, तर हे दवाखान्यात. दिराच्या पोरांस्नी सांगावा धाडला, एक फिरकलं न्हाय. भावकूचं भात उभ्यानं झडलं. त्यो काय बोलत न्हाय, पर मला त्येच्या म्होरनं जायाची लाज वाटत्या.”

“होतं असं, आई. दुखणं होतं घरात.”

“तुला न्हाय कळायचं. न्हाय, तुलाच कळंल.” पारूबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. “आमच्या सासऱ्यास्नी जन्मात कुणी पैऱ्यात घेटलं न्हाय. मजुरीला बोलवायचे, कामापुरतं. बरोबरीनं पहिल्यांदा ह्यास्नी घेटलं, ते भावकूनं. त्या दिवशी हे जेवलं न्हाईत, नुसतं अंगणात फिरत हुते.”

उपासनाला ते पुरेपूर कळलं, कारण तिच्या आजोबांनाही कुणी घेतलं नव्हतं. मग नागेंद्रची आठवण झाली, आणि इथं येऊनही हात रिकामेच म्हणून ती उठली.

उठताना तिची नजर लहान फोटोवर गेली. खाली सुबक अक्षरांत हातानं लिहिलं होतं: ‘आमचे देवप्पा सर’.

“हे कुणी लिहिलं, आई?”

“सौम्यानं. पोरगी गुणाची, पर काना खाल्लान बघ. कन्नडात तसंच म्हणत्यात म्हणं. ऱ्हाऊ दे म्हटलं, मायेनं दिलंय.”

मराठी शाळेत सरांच्या हातचा मार खाल्लेली दोन पोरं सरांचं नाव चुकवणं शक्यच नव्हतं. उपासनानं फोन काढून टिपण पुन्हा वाचलं. तिथंही काना नव्हता.

५

कन्नड शाळा सुटायची वेळ होती. सौम्या वर्गात वह्या तपासत होती. सरांकडं शिकलेलं तिचं मराठी पुस्तकी होतं, सावकाश चालणारं.

“टिपणातलं सरांचं नाव तू लिहिलंस,” उपासना म्हणाली.

सौम्यानं पेनाला टोपण लावलं. “होय. मी केलं.”

इतक्या लवकर कबुली मिळाली की वकिलाची पंचाईत होते. उपासना समोरच्या लहानग्या बाकावर बसली.

“तीन महिने नागेंद्र जळतोय. तू बघत बसलीस?”

“रोज उद्या सांगीन म्हटलं, आक्का. रोज. पण सांगितलं असतं तर सगळे सरांना बोलले असते. चौघांचं काम सरांनी एकट्यानं वाटून टाकलं, असं म्हणाले असते. माणूस गेल्यावर त्याला नावं ठेवलेली मला ऐकवली नसती. चोर कोण ते कळलं नाही, तर हळूहळू विसरतील असं वाटलं.”

“सरांनी तुला स्वतः सांगितलं?”

“मला आत सोडलं नाही. पारूआई बाहेर आल्या, रडत होत्या. म्हणाल्या, ‘बाई, फोन लाव. हे म्हणत्यात, पोरांस्नी सांग, पैरा मिटवा. डोक्यावर ठेवून जायाचं न्हाय मला.’ आणि परत आत गेल्या. पिशवी माझ्याजवळ होती. सर आम्हालाच पोरं म्हणायचे. मला वाटलं, शेवटी तरी कुणावर अट नको, कुणी आपलं देणं लागू नये, असं त्यांच्या मनात आलं असेल. म्हटलं फोन कशाला, वेळ कुठं आहे? मीच पोर आहे, मीच करते. ते असेपर्यंत व्हायला हवं. रडत रडत केलं मी ते.”

उपासनानं तिचे शब्द मनात पुन्हा लावून पाहिले.

पोरं. दिराची पोरं. नोव्हेंबर, सुगी, भावकूचं उभं भात. सर मास्क बाजूला करून शेतातल्या पैऱ्याबद्दल, भावकूचे दोन दिवस फेडण्याबद्दल, बोलत होते. पारूबाईंनी सांगावा धाडला होता, पण तो ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. तो ह्या पोरीच्या हातात राहिला, आणि तिनं तो जिवापाड पाळला. भावकूचं भात त्या एका शब्दानं झडलं आणि ‘उतारा’ही त्याच शब्दानं गेला.

“मी चुकले का, आक्का?” सौम्यानं विचारलं. “सांगायला हवं होतं, ते कळतं मला. पण सरांची शेवटची इच्छा मी मोडली तर नाही ना?”

उपासनानं बाहेर पाहिलं. कोर्टात ती साक्षीदाराला उभा चिरायची. इथं तिनं एक वाक्य टाळलं.

“रविवारी ये,” ती म्हणाली. “नागेंद्रसाठी ये. बाकीचं मी बघते.”

बाकीचं काय बघणार होती, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

६

हिंडलग्याला समर्थच्या सोप्यात चार खुर्च्या मांडल्या होत्या. नागेंद्र दाराजवळची धरून बसला, केव्हाही उठता यावं अशी. समर्थचा मजकूर फोनवर तयारच होता.

सौम्यानं उभं राहून सांगितलं. सगळं, एका दमात, पुस्तकी मराठीत. संपल्यावर कुणी नागेंद्रकडं पाहिलं नाही. पाहायची छाती कुणात नव्हती.

समर्थनं फोन पालथा ठेवला. त्याला माफी मागायची होती हे दिसत होतं, पण तोंडातून भलतंच आलं.

“म्हंजे सरांनीच आमाला ईकलं. चार वर्सं रात्रीचा दीस केला आमी, आन् जाताना एकट्यानं वाटून मोकळे. इचारलंबी न्हाय. असला असतोय गुरू?”

“समर्थ,” नागेंद्र म्हणाला.

“का? खोटं हाय काय? आपल्या बापाच्या मालावाणी...”

“थांब,” उपासना म्हणाली.

सौम्याला भेटल्यापासून तिनं हाच विचार केला होता. गप्प बसलं तर सरांचं नाव जातं. बोललं तर ही पोरगी मोडते. दोन्ही पारड्यांत माणसंच होती, आणि तिसरं पारडं काही केल्या सापडत नव्हतं. सर झुरले ते कागद नीट वाचले जावेत म्हणून, एका शब्दाचा दुसरा अर्थ कुणाच्या माथी बसू नये म्हणून, आणि त्यांच्याच शब्दाचं असं झालं होतं. मेलेला माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही. वकिलानं ती मांडायची असते. तिनं ठरवलं, आणि ठरवताना स्वतःचाच तिटकारा आला.

तिनं भावकूचं सांगितलं. दोन दिवसांची रोपलावण, झडलेलं भात, दिराची पोरं. सरांच्या वडिलांना कुणी बरोबरीनं बोलावलं नव्हतं तेही सांगितलं. सौम्याकडं न बघता सांगितलं. “सरांनी तुमचा परवाना बदलायला कुणालाच सांगितलं नव्हतं. ते शेताचं बोलत होते.”

समर्थनं पालथा फोन पुन्हा उचलला. “मग कंपनीला सांगू की, आक्का! चुकून झालं म्हणू!”

“दोन हजार एकशे चाळीस नोंदी, समर्थ. सगळ्याच दुसऱ्यांनी केलेल्या. त्यातली एकच चुकीची, हे कोण मानणार? आणि मानलंच, तर मरत्या माणसाच्या फोनवरून आत शिरली म्हणून पिंजऱ्यात हिला उभं करायचं. करू?”

आतून समर्थच्या आईनं चहा घेता का म्हणून विचारलं. समर्थनं ‘नको’ म्हणून सांगितलं.

सौम्या अजून उभीच होती. ती रागावली नव्हती, घाबरलीही नव्हती. पाढा चुकल्यावर मूल बाईंकडं बघतं तशी ती उपासनाकडं बघत होती.

“म्हणजे,” ती म्हणाली, “सर आमच्याबद्दल बोललेच नव्हते?”

उपासनाला पुष्कळ सांगता आलं असतं. तुम्ही त्यांच्या मनात असालच, माणूस शेवटी कशाकशाचा विचार करतो कुणाला ठाऊक, असं काहीबाही. पण सौम्यानं खरं विचारलं होतं.

“न्हाय गं,” ती म्हणाली.

सौम्या खुर्चीत बसली आणि तिनं तोंड ओंजळीत धरलं. समर्थ भिंतीकडं बघत होता. तीन महिने ज्याच्याशी कुणी बोललं नव्हतं, त्याची माफी मागायचं अजूनही कुणाला सुचलं नव्हतं. नागेंद्रनं दाराजवळची आपली खुर्ची उचलली, सौम्याच्या शेजारी आणून ठेवली आणि ती शांत होईपर्यंत तो तिथं बसून राहिला. ती लवकर शांत झाली नाही.